हान शीझायची रात्रीची मैफल: एका गुंडाळीचित्रातलं संगीत वाचताना

बीजिंगच्या पॅलेस म्युझियममध्ये रेशमावर रंगवलेलं एक गुंडाळीचित्र आहे. उंची २८.७ सेंटिमीटर, लांबी ३३५.५ सेंटिमीटर. उंची एक फुटाहून कमी आणि लांबी अकरा फूट, अशा पट्टीवर चाळीसहून जास्त माणसं आहेत: अधिकारी, गायिका-वादक स्त्रिया, एक नर्तकी, एक बौद्ध भिक्षू आणि या सगळ्यांचा यजमान. यजमान हान शीझाय, चित्रकार दक्षिण तांग दरबारातला गू होंगझोंग, काळ दहाव्या शतकाचा उत्तरार्ध. चीनमधल्या मध्ययुगीन मैफलीबद्दल कुणी लिहायला बसलं की या चित्राचा एखादा तुकडा हमखास छापला जातो. खाली ओळ असते: ‘दहाव्या शतकातला वाद्यवृंद’.

त्या एका ओळीत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. हे दहाव्या शतकातलं चित्र आहे, यात दिसतो तो वाद्यवृंद आहे, आणि चित्रकाराने समोर पाहिलं ते जसंच्या तसं उतरवलं आहे. तिन्ही गोष्टी तपासाव्या लागतात. तपासल्यावरही संगीताच्या अभ्यासकाला या चित्रातून बरंच मिळतं. फक्त ते वाद्यांच्या यादीत शोधायचं नाही. ठेका कोणाच्या हातात आहे, तिथून सुरुवात करायची.

यजमान आणि राजा

हान शीझायचा जन्म ९०२ सालचा, उत्तरेकडच्या आजच्या शानदोंग भागातला. तिथल्या राजकीय उलथापालथीत वडील मारले गेले आणि ९२६ च्या सुमारास तो यांगत्से नदी ओलांडून दक्षिणेत आला. ९३७ साली दक्षिण तांग राज्य उभं राहिलं, राजधानी जिनलिंग, म्हणजे आजचं नानजिंग. हान तिथे लेखनाच्या आणि विधींच्या खात्यांत वर चढत गेला. उत्तम गद्यलेखक म्हणून त्याचं नाव होतं आणि शिलालेखाचा मजकूर लिहून घ्यायला लोक मोठे पैसे देत.

९६० साली उत्तरेत सोंग राजवट सुरू झाली. पुढच्याच वर्षी, ९६१ मध्ये, जिनलिंगच्या गादीवर ली यू आला. कवी म्हणून तो आजही चीनमध्ये वाचला जातो, राजा म्हणून त्याचं राज्य ९७५ मध्ये बुडालं. हानला मुख्य प्रधान करावं असं त्याच्या मनात होतं. पण हानच्या घरच्या रात्रींबद्दल भलतंच कानावर येत होतं. चाळीसहून अधिक स्त्रिया पदरी, पगार त्यांच्यातच वाटून टाकलेला, दार सगळ्यांना उघडं. एक हकिकत तर अशी की तो फाटके कपडे घालून आंधळ्या भिकाऱ्याचं सोंग घेई, हातात एकतारी वाद्य धरी आणि शू-या नावाचा शिष्य लाकडी पट्ट्यांचा ठेका देत त्याला आपल्याच घरातल्या स्त्रियांच्या खोल्यांपुढून भीक मागत फिरवी.

सोंग सम्राट हुइझोंगच्या संग्रहाची चित्रसूची ११२० च्या सुमारास तयार झाली. तिच्यात म्हटलं आहे की ली यूने गू होंगझोंगला रात्री हानच्या घरी पाठवलं. त्याने गुपचूप पाहावं, लक्षात ठेवावं आणि परत येऊन रंगवून दाखवावं असा हुकूम होता. दुसऱ्या परंपरेप्रमाणे राजाला हे चित्र हानपुढे ठेवून त्याला लाजवायचं होतं, आणि हानने ते शांतपणे पाहिलं. भिक्षू देमिंगला हानने आपल्या वागण्याचं कारण सांगितल्याचीही नोंद आहे: प्रधानपद टाळायचं आहे म्हणून हे चाललंय. उत्तरेकडचं सैन्य कधी ना कधी येणार हे त्याला दिसत होतं आणि बुडत्या राज्याचा शेवटचा प्रधान म्हणून हसं करून घ्यायचं नव्हतं. ९७० मध्ये तो वारला, राज्य बुडायच्या पाच वर्षं आधी.

सूचीकारांचा एक शेरा लक्षात ठेवण्यासारखा आहे. राजाने आपल्या अधिकाऱ्याचं खासगी वागणं असं चितारून घेणं त्यांना पटलेलं नाही. एकदा पाहून टाकून द्यायला हवं होतं, जगाला दाखवायची गरज काय, असं ते लिहितात. म्हणजे हे चित्र मैफलीची आठवण म्हणून काढलेलं नाही, तो एक अहवाल आहे. संगीताचे तपशील त्यात इतके नेमके का आहेत, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. कोण कोणाशेजारी बसला, कोणी काय हातात घेतलं, कोणाची नजर कुठे होती, हे सांगण्यासाठीच माणूस पाठवला होता.

गुंडाळी कशी पाहायची

चिनी गुंडाळीचित्र भिंतीवर टांगत नाहीत. ते टेबलावर ठेवून उजवीकडून डावीकडे उलगडायचं. डाव्या हाताने पुढचा भाग सोडत जायचा, उजव्या हाताने पाहून झालेला गुंडाळत आणायचा. एका वेळी साधारण दोन हातांच्या मधलं, पन्नास-साठ सेंटिमीटरचं अंतर डोळ्यापुढे राहतं. या चित्रात पाच प्रसंग आहेत. ३३५.५ ला ५ ने भागलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ६७ सेंटिमीटर येतात, म्हणजे जवळपास एक उलगड म्हणजे एक प्रसंग. हे जुळणं योगायोगाने झालेलं नाही.

पुस्तकात किंवा पडद्यावर अख्खं चित्र एकदम दिसतं आणि तिथेच पहिली चूक होते. एकाच मोठ्या दालनात एकाच वेळी पिपा, म्हणजे चार तारांचं चिनी तंतुवाद्य, चाललीय, नाच चाललाय, बासऱ्या वाजताहेत असं वाटतं. हान पाच वेळा दिसतो ते लक्षात आलं की हा गोंधळ मिटतो. डाव्या टोकापासून पाहायला सुरुवात केली तर निरोप आधी आणि मैफल नंतर होते.

प्रसंग वेगळे करायला चित्रकाराने भिंती घातलेल्या नाहीत. लाकडी चौकटीचे उभे आडोसे ठेवले आहेत, तेच खोलीचे आणि तेच कथेचे. एका आडोशाशी पुरुष आणि स्त्री एकमेकांशी बोलताना दिसतात. एक जण या प्रसंगातला, दुसरी त्या प्रसंगातली.

पाच प्रसंग

अगदी उजवीकडे पडदे लावलेला पलंग आहे, त्यावर विस्कटलेलं पांघरूण, आणि त्यातून एका पिपाची मान बाहेर डोकावते. अजून एकही सूर लागलेला नाही आणि पहिलं वाद्य अंथरुणात पडलेलं आहे. हानच्या घरात संगीत कुठवर पोचलं होतं ते एवढ्या एका वस्तूने सांगितलं आहे.

पहिल्या प्रसंगात सगळे पिपा ऐकताहेत. वाजवणारी, ली जियामिंगची बहीण, डावीकडे बसली आहे. हान उंच काळी टोपी घालून बैठकीवर आहे आणि शेजारी लाल झग्यातला लांग त्सान, राज्यपरीक्षेत पहिला आलेला तरुण. वादिकेच्या अगदी जवळ तिचा भाऊ बसलाय, पूर्ण वळून, तिच्या हातांकडे पाहत. हा माणूस महत्त्वाचा आहे. तो जियाओफांग या खात्याचा उपप्रमुख होता. आधीच्या तांग साम्राज्याच्या सम्राट शुआनझोंगने ७१४ मध्ये दरबारी करमणुकीचं संगीत आणि नृत्य विधींच्या खात्यापासून वेगळं काढून या खात्याकडे सोपवलं होतं, आणि दक्षिण तांगने तीच व्यवस्था पुढे चालवली. याच मैफलीत चेन झियोंगही ओळखला जातो, तो विधी सांभाळणाऱ्या ताइचांग खात्यातला विद्वान. देवपूजेचं आणि पूर्वजांच्या विधींचं संगीत एका खात्याकडे, मेजवानीचं दुसऱ्याकडे, आणि दोन्हीकडचे लोक एका खासगी घरात, एका टेबलाशी. दरबारी जीवन म्हणतात ते हेच. राजाला नेमका याचाच अहवाल हवा होता.

ही नावं चित्रावर लिहिलेली नाहीत. ती चित्रामागच्या लेखांमधून आणि जुन्या हकिकतींमधून आली आहेत. म्हणून ‘हा अमुक’ असं म्हणताना थोडा हात आखडता ठेवावा. दोन भावंडांची ओळख मात्र बसण्याच्या पद्धतीवरूनही पटण्यासारखी आहे.

दुसऱ्या प्रसंगात नाच आहे. नर्तकी वांग वूशान, लहानखुरी, निळ्या अरुंद बाह्यांच्या झग्यात, प्रेक्षकाकडे पाठ करून उभी आणि खांद्यावरून अर्धा चेहरा मागे वळवलेला. हात पाठीमागे. नाचाचं नाव ल्यूयाओ. तांग काळात नृत्यांचे दोन वर्ग करत, जोमदार आणि मऊ, आणि हा मऊ वर्गातला. कवी बाई ज्यूयी याच्या ८१६ सालच्या पिपावरच्या प्रसिद्ध दीर्घ कवितेतही ल्यूयाओची धून येते, म्हणजे हानच्या वेळी ती दीडशे वर्षांची जुनी आणि सगळ्यांच्या ओळखीची होती.

इथे हान स्वतः उठलाय. घोडीवर बसवलेल्या मोठ्या लाल ढोलापुढे उभा राहून दोन काठ्यांनी वाजवतोय. एक पुरुष लाकडी पट्ट्यांनी ठेका देतोय, दुसरे टाळ्या वाजवताहेत. पिपा नाही, बासरी नाही. नाच केवळ तालावर चाललाय. आणि या घोळक्यात भिक्षू देमिंग हात जुळवून, नर्तकीकडे न पाहता उभा आहे. टाळीत त्याचा हात नाही.

तिसरा प्रसंग विश्रांतीचा. हान बैठकीवर बसून हात धुतोय, एका मुलीने पात्र धरलंय. जवळ मेणबत्ती आहे. चित्रकाराने अंधार रंगवलेला नाही, रात्र झाली आहे हे मुख्यतः तिच्यावरूनच कळतं. आणि एक स्त्री पिपा आणि बासऱ्या घेऊन चाललीय. आधीच्या प्रसंगांतली वाद्यं उचलली जाताहेत, पुढच्या प्रसंगातली येताहेत. मैफलीच्या मधल्या वेळात प्रत्यक्षात होतं तेच.

चौथ्या प्रसंगात हान झग्याचा पुढचा भाग मोकळा सोडून खुर्चीवर मांडी घालून बसलाय, हातात पंखा. पुढे पाच स्त्रिया ओळीने बसून फुंकीची वाद्यं वाजवताहेत. दोघींकडे आडव्या बासऱ्या, तिघींकडे बिली, म्हणजे पातीचं आखूड फुंकवाद्य. शेजारी एक पुरुष पट्ट्यांनी ठेका धरून आहे.

पाचवा निरोपाचा. पाहुणे आणि स्त्रिया जोडीजोडीने पांगताहेत आणि हान मध्ये उभा आहे, एक हात वर केलेला, दुसऱ्यात ढोलाच्या काठ्या.

वाद्यं, हातात घेऊन पाहिल्यासारखी

पिपाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज होतो, कारण आजची पिपा सगळ्यांनी पाहिलेली असते. आजची पिपा मांडीवर उभी धरतात, उजव्या हाताच्या पाचही बोटांना कृत्रिम नखं लावून वाजवतात आणि तिला खालपर्यंत तीसच्या आसपास पडदे असतात. चित्रातली पिपा आडवी धरलेली आहे, मान खाली झुकलेली, आणि उजव्या हातात जवा आहे. सरोदियाच्या चिमटीत मावतो तसला हा जवा नव्हे. हा अख्ख्या मुठीत धरायचा, पुढे पंख्यासारखा रुंद होणारा. त्यामुळे आघात मनगटातून येतो, आणि तो तारेबरोबर तबलीवरही पडू शकतो. तार रेशमी पिळाची, आवाज धातूच्या तारेपेक्षा बुटका आणि लवकर विरणारा. बोटांनी वाजवायची पद्धत सातव्या शतकापासून नोंदलेली आहे, पण दरबारी वाद्यवृंदात जवा बराच काळ टिकून राहिला.

चार तारा, मागे जवळजवळ काटकोनात मोडलेली मान आणि मानेवर चार पडदे, ही तांग पिपाची ठेवण. तिचे खरे नमुने जपानमधल्या नारा इथल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकापासून जपून ठेवले आहेत. चार तारा, प्रत्येकीवर एक मोकळा स्वर आणि चार दाबलेले, असे एकूण वीस. या वीस जागांसाठी वीस खुणा होत्या. दुनहुआंगच्या गुंफांतून मिळालेल्या एका हस्तलिखितात, ९३३ सालच्या एका बौद्ध प्रवचनाच्या मागच्या बाजूला, याच खुणांनी लिहिलेल्या पंचवीस धुना आहेत. हान तेव्हा एकतीस वर्षांचा होता. म्हणजे चित्रात स्वर ऐकू येत नसला तरी त्या काळची बोटं कुठे पडत होती हे आपल्याला माहीत आहे. अडचण लयीची आहे. खुणांच्या बाजूला छोटे ठिपके आणि चौकोन आहेत, त्यांचा कालमानाशी नेमका संबंध काय, यावर अभ्यासकांचे वाद अजून मिटलेले नाहीत. स्वर लिहून ठेवता आला, ठेका हातातून हातात गेला.

बिली हे दुसरं फसवं वाद्य. छायाचित्रांखाली पुष्कळदा ‘उभी बासरी’ असं लिहिलेलं असतं. उभी बासरी लांब असते आणि तिच्या कडेवर फुंकतात, त्यामुळे ओठ कडेला टेकलेले दिसतात. बिली आखूड असते, टोकाला जाड दुपदरी पाती बसवलेली असते आणि ती पाती ओठांच्या आत धरावी लागते. बोटं तोंडाच्या बरीच जवळ येतात. आपल्या सनईची पातीही दुपदरीच, म्हणून मराठी वाचकाला सनई आठवणं स्वाभाविक आहे. फरक नळीचा आहे. सनई खाली रुंद होत जाते, बिलीची नळी सरळ असते. सरळ नळी आणि पाती एकत्र आली की वाद्य आखूड असूनही लांबीच्या मानाने बरंच खाली वाजतं, आणि पाती मोठी असल्याने स्वर ओठांनी खेचता येतो. जपानी दरबारी संगीतातली हिचिरिकी ही याच घराण्यातली. तिची नळी साधारण अठरा सेंटिमीटरची, पुढे सात आणि मागे दोन भोकं. आवाज लांबीच्या मानाने अतिशय मोठा. पाचांत तीन बिली असतील तर तिथे बासऱ्या मुख्य नाहीत, बिली मुख्य आहेत. चौथ्या प्रसंगाला ‘नाजूक बासरीवादन’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता पायबान, म्हणजे लाकडी पट्ट्या. ११०१ च्या सुमारास लिहिलेल्या सोंग काळच्या संगीतग्रंथात त्यांचं माप दिलेलं आहे: पट्टी हाताएवढी लांब-रुंद, मोठ्या संचात नऊ, लहान संचात सहा, वरच्या टोकाला चामड्याच्या वादीने ओवलेल्या. दोन्ही हातांत धरून पट्ट्या किंचित फाकवायच्या आणि मिटवायच्या. चिपळ्यांसारखा एका हाताचा खेळ नाही, आणि टाळासारखा घुमतही नाही. कोरडा, तुटक, सगळ्या खोलीत ऐकू जाणारा ठोका. ज्या वृंदात तीन बिली एकदम वाजताहेत तिथे दुसरा कुठलाही ठेका ऐकूच येणार नाही.

चित्रात हा ठेका कोणाकडे आहे ते पाहावं. चौथ्या प्रसंगात पाची वादक स्त्रिया, ठेका पुरुषाकडे. नाचात ठेका पुरुषाकडे, टाळ्या पुरुषांच्या, ढोल यजमानाचा. फक्त पहिल्या प्रसंगात, जिथे एकटी पिपा आहे, तिथे कुणीच ठेका धरलेला नाही. तिथे वादिका लय स्वतः सांभाळते आणि खात्याचा उपप्रमुख केवळ ऐकतो. घराचा मालक जेव्हा मैफलीत उतरतो तेव्हा तो सूर घेत नाही, तालाची काठी घेतो. दरबारी माणसाला हे शोभणारं होतं. सम्राट शुआनझोंग स्वतः जिएगू नावाच्या ढोलाचा नामांकित वादक होता. जुन्या राजाची ती आठवण जिनलिंगमध्ये सगळ्यांना असणार. ली यूची पहिली राणी झोऊ उत्तम पिपावादक होती आणि शुआनझोंगच्याच दरबारातली ‘निशांग’ ही हरवत चाललेली धून तिने तुटक्या लेखी खुणांवरून पुन्हा उभी केली होती. ती ९६४ मध्ये गेली. हानच्या घरातला ल्यूयाओ नाच हा याच मोडत्या परंपरेचा दुसरा तुकडा.

जाता जाता एक धागा भारतापर्यंत येतो म्हणून सांगतो. पिपाचं हे रूप मध्य आशियातून आलं. ५६८ मध्ये तुर्क राजकन्येबरोबर कुचा राज्यातून आलेला एक पिपावादक सात स्वरपद्धती घेऊन आला. त्यांची चिनी नावं अभ्यासकांनी ‘साधारित’, ‘कैशिक’, ‘पंचम’ या संस्कृत नावांशी जोडली आहेत. हीच नावं तमिळनाडूतल्या कुडुमियामलईच्या सातव्या शतकातल्या शिलालेखात आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाने ग्रामरागांत शुद्ध साधारित आणि शुद्ध कैशिक लिहिले, ते याच कुळातले. म्हणून पिपाच्या चित्राशी आपलं नातं अगदीच परकं नाही. मात्र दहाव्या शतकात ते वाद्य चिनीच झालेलं होतं.

प्रत कुठल्या काळची

आता ‘दहाव्या शतकातलं चित्र’ या पहिल्या गृहीताकडे. आज समोर आहे ती बहुतेक अभ्यासकांच्या मते सोंग काळातली प्रत आहे. काही जण ती दक्षिण सोंगमध्ये, बाराव्या शतकाच्या शेवटी किंवा तेराव्यात नेतात. कारणं चित्रातच आहेत. आडोशांवर जी निसर्गचित्रं रंगवली आहेत ती दक्षिण सोंगच्या धाटणीची, एका कोपऱ्यात भार टाकून बाकी जागा मोकळी सोडणारी. टेबलावर दारूची झारी गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवलेली दिसते, आणि ही जोडी सोंग काळच्या भांड्यांत ठळक आहे. चिनी पोशाखाचे अभ्यासक शेन त्सोंगवेन यांनी पोशाखावरून मुद्दा मांडला. दक्षिण तांग शरण गेल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांना हिरवा झगा घालावा लागला आणि चित्रात हिरवे झगे आहेत. शिवाय हात छातीशी विशिष्ट तऱ्हेने बांधून उभं राहून आदर दाखवण्याची रीत सोंग काळची आहे. चित्रावरचा एक जुना शिक्का दक्षिण सोंगचा प्रधान शी मियुआन याचा मानतात, म्हणजे १२३३ च्या आधी ते त्याच्याकडे होतं. पुढे ते चिंग राजवाड्यात गेलं, शेवटच्या सम्राटाबरोबर चांगचुनला गेलं, बाजारात आलं, चित्रकार झांग दाच्येनने घेतलं आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा सरकारी संग्रहात आलं.

मग संगीताचं काय करायचं? प्रतकार वरवरच्या वस्तू आपल्या काळाच्या करून टाकतो. भांडी, आडोशावरचं चित्र, कापडाची नक्षी तो डोळ्यासमोरचीच काढतो. माणसांची मांडणी, कोण वळलाय, कोणाच्या हातात काय, हे मात्र मूळ चित्रातून उचलतो, कारण प्रसंगच त्यावर उभा असतो. हे म्हणणं पारखायला पक्क्या तारखेचं दगडी काम हाताशी आहे. चेंगडूमध्ये ९१८ मध्ये मेलेल्या वांग जियान या राजाच्या थडग्याच्या चौथऱ्यावर चोवीस आकृत्या कोरल्या आहेत, दोन नर्तकी आणि बावीस वादक. पायबान, पिपा, बिली तिथे आहेत, शिवाय शंख आणि झाडाचं पान ओठाशी धरून वाजवणारीसुद्धा. हबेई प्रांतात चूयांगला ९२४ च्या वांग चूझी याच्या थडग्यात १३६ बाय ८२ सेंटिमीटरच्या रंगवलेल्या संगमरवरी शिळेवर पंधरा आकृत्यांचा ताफा आहे. पिपा, पायबान, मोठा ढोल, बासऱ्या, बिली, आणि त्यांच्याबरोबर हार्पसारखं खोंगहोऊ, आडवं ठेवून वाजवायचं तंतुवाद्य झेंग, नळ्यांचं फुंकवाद्य शेंग आणि टांगलेल्या लोखंडी पट्ट्यांचं फांगशियांग.

पिपा, पायबान आणि बिली या तीन गोष्टी तिन्हीकडे आहेत. म्हणून चित्रातली वाद्यं हानच्या काळाशी विसंगत नाहीत, एवढं छातीठोकपणे म्हणता येतं. याच्या उलटा निष्कर्ष मात्र काढू नये. ही वाद्यं आहेत म्हणून प्रत दहाव्या शतकातली, असं होत नाही, कारण सोंग दरबारातही बिली आघाडीवरच होती आणि पायबान तसाच चालू होता. वाद्यांवरून या चित्राचा काळ ठरत नाही.

दुसरं गृहीतही याच तुलनेत ढासळतं. थडग्यांतले ताफे हे पूर्ण दरबारी वृंद आहेत, पंधरा-वीस जणांचे, झेंग, शेंग, ढोल सगळं धरून. हानच्या घरी एका वेळी जास्तीत जास्त सहा जण वाजवताहेत. तैपेईच्या संग्रहालयातल्या ‘राजवाड्यातलं संगीत’ या ४८.७ बाय ६९.५ सेंटिमीटरच्या चित्रातही असंच लहान माप दिसतं. मोठ्या टेबलाभोवती दहा स्त्रिया, त्यांतल्या चौघी बिली, पिपा, झेंग आणि शेंग वाजवणाऱ्या, आणि उभ्या दासींपैकी एकीच्या हातात पायबान. पाचही प्रसंगांतली वाद्यं एकत्र मोजून ‘दक्षिण तांगचा वाद्यवृंद’ अशी यादी केली की ती खोटी ठरते. ढोल आणि बिली या घरात एकदाही एकत्र वाजलेले दिसत नाहीत.

ऐकायचं असेल तर लोक नानयिनकडे वळतात. फूजियानमधल्या च्वेनझोऊ भागातलं हे संगीत युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पॅलेस म्युझियमने २०१५ मध्ये या चित्राचं ॲप काढलं तेव्हा त्यातल्या सादरीकरणासाठी तैवानचा नानयिन परंपरेतला संच घेतला. निवड समजण्यासारखी आहे. नानयिनमध्ये पिपा अजून आडवी धरतात आणि पायबान अजून हातात असतो, पाच पट्ट्यांचा. पण तिथे पिपा बोटांनी वाजते आणि सोबतीला लांब उभी बासरी असते, बिली नव्हे. डोळ्यांनी बसण्याची ढब शिकायला नानयिन उत्तम. कानांनी चौथ्या प्रसंगाचा अंदाज घ्यायचा असेल तर तीन हिचिरिकी एकत्र ऐकाव्यात, आणि मग त्यावर कोरड्या लाकडाचा ठोका कल्पावा.

शेवटच्या प्रसंगात काही वाजत नाही. पिपा परत गेली, बिली मिटल्या, पाहुणे उठले. चित्रकाराने हानच्या हातातून काठ्या मात्र काढून घेतलेल्या नाहीत. पाचही वेळा त्याचा चेहरा तसाच आहे, ढोल वाजवतानाही आणि निरोप देतानाही, हसू एकदाही नाही.